चित्रांचा व्यापारी आणि शत्रूची मालमत्ता

धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवृत्तात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील पेठ म्हणून तिचा उल्लेख येतो. तेथील कापड भडोच बंदरास जात असे. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी विलक्षण साम्य असलेली मूर्ती १९३८ मध्ये इटलीतील पाँपेईच्या अवशेषांत सापडली. ती घडविणाऱ्या अज्ञात कारागिराचे आपण तोंड भरून कौतुक करतो; ती समुद्रापार नेणारा व्यापारी मात्र कोणाच्या खिजगणतीत नसतो. कलेच्या व्यवहारातील मध्यस्थ म्हणजे दुसऱ्याच्या श्रमावर जगणारा दलाल, असा आपल्या सुशिक्षितांचाही सोयीस्कर समज आहे. तो तपासून पाहावयाचा असेल तर पिकासोची चित्रे विकणाऱ्या डॅनिएल-हेन्री कानवायलर यांचे चरित्र डोळ्यांखालून घालावे.

कानवायलर यांचा जन्म १८८४ मध्ये जर्मनीतील मानहाइम येथे एका ज्यू कुटुंबात झाला. घराण्याचा व्यवसाय पैशाचा. लंडनमधील चुलत्यांचा दक्षिण आफ्रिकेतील खाणींशी संबंध. पुतण्याने पेढीवर बसावे अशी अपेक्षा होती. पॅरिसमध्ये पेढीचे काम शिकावयास गेलेला हा तरुण फुरसतीचा वेळ चित्रसंग्रहालयांत घालवू लागला, आणि अखेर चुलत्यांनी एक हजार पौंड देऊन त्याला एक वर्षाची मुदत दिली. १९०७ मध्ये व्हिन्यों रस्त्यावर जेमतेम चार मीटर लांब-रुंद अशा गाळ्यात त्यांचे दुकान सुरू झाले.

नावाजलेल्या चित्रकारांची चित्रे विकून पैसा करणे अवघड नव्हते. कानवायलर यांनी आपल्याच वयाचे, बाजारात किंमत नसलेले चित्रकार निवडले. त्यांपैकी पिकासो आणि हुआन ग्रिस हे दोघे स्पेनमधून आलेले. ब्राक, देरँ, व्लामिंक, लेजे हे फ्रेंच. विकणारा जर्मन, काढणारे स्पॅनिश, गिऱ्हाईक रशियन, स्विस किंवा झेक, अशी त्या दुकानाची तऱ्हा होती. १९०८ मध्ये ब्राकचे प्रदर्शन भरले तेव्हा टीकाकारांनी त्या चित्रांतील चौकोनी ठोकळ्यांची टिंगल केली आणि त्या टिंगलीतूनच पुढे 'क्यूबिझम' हे नाव रूढ झाले. त्यानंतर प्रदर्शने भरविण्याचा नाद कानवायलर यांनी सोडून दिला. ज्याला पाहावयाचे आहे त्याने दुकानात यावे, हा त्यांचा बाणा.

त्यांच्या व्यवहाराचे मर्म करारात आहे. १९१२-१३ च्या सुमारास त्यांनी चित्रकारांशी लेखी करार केले. चित्रकाराने आपले काम अन्य कोणास विकावयाचे नाही. व्यापाऱ्याने आकारानुसार ठरलेल्या दराने ते घ्यावयाचे, मग विकले जावो अथवा न जावो. यात व्यापाऱ्याचा स्वार्थ होता, हे उघड आहे. स्वस्तात घेतलेला माल पुढे दामदुप्पट होणार, हा हिशेब त्यांनीही केलाच असणार. परंतु चित्र न खपल्याची झळ ज्याने स्वतःच्या पदरी घेतली, त्याला दलाल म्हणणे न्यायाचे नाही. घरभाड्याची चिंता मिटली म्हणजे चित्रकार लोकांच्या आवडीकडे पाठ फिरवू शकतो. क्यूबिझम उभा राहिला तो या निश्चिंतीच्या आधारावर.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटले तेव्हा कानवायलर इटलीत होते. जर्मनीसाठी बंदूक उचलावयाची नाही आणि फ्रान्ससाठीही नाही, या भूमिकेवर ठाम राहून ते स्वित्झर्लंडमध्ये गेले. त्यांनी फ्रेंच नागरिकत्व घेतलेले नव्हते. फ्रेंच सरकारने त्यांचे दुकान शत्रूची मालमत्ता म्हणून ताब्यात घेतले. ग्रिससारख्या चित्रकाराचा नियमित आधार तुटला. युद्धाची पहिली वर्षे त्याने हलाखीत काढली. कानवायलर यांनी बर्नमध्ये तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला आणि क्यूबिझमवर पुस्तक लिहिले.

युद्ध संपल्यावरही माल परत मिळाला नाही. १९२१ ते १९२३ या काळात चार लिलावांत सातशेंवर चित्रे फुंकून टाकण्यात आली. एकाच वेळी एवढा माल बाजारात आल्यावर भाव कोसळणार, हे कोणत्याही आडतदाराने सांगितले असते. एक लिलाव तर असा तापला की, सैन्यात लढून जखमी झालेल्या ब्राकने लिलावाच्या तज्ज्ञावर हात उगारला. स्वतःचीच चित्रे परत घेण्यास मूळ मालकापाशी पुरेसा पैसा नव्हता. मित्रांच्या साह्याने त्यांनी थोडीफार सोडविली.

तोवर त्यांनी एका फ्रेंच भागीदाराच्या नावाने दुसरे दुकान थाटले होते. १९४० मध्ये जर्मन सैन्य पॅरिसवर आले. आता जर्मन असणे नव्हे, तर ज्यू असणे हा गुन्हा ठरला. कानवायलर मध्य फ्रान्समधील खेड्यात आश्रयास गेले आणि १९४१ मध्ये दुकान जप्त होण्यापूर्वी घरातल्याच लुईज लेरीस यांनी ते स्वतःच्या नावावर विकत घेतले. या बाईंच्या धैर्याविषयी फारच थोडे लिहिले गेले आहे.

त्यांच्या दृष्टीलाही मर्यादा होत्या. पुढील काळातील अमूर्त चित्रकलेत त्यांना केवळ सजावट दिसली. तरुणपणी स्वतः ज्या उपहासाशी झुंजले, तोच थोडाफार त्यांच्याकडून नव्या पिढीच्या वाट्यास आला. तथापि १९२७ मध्ये चाळिशीत वारलेल्या ग्रिसला ते विसरले नाहीत; १९४६ मध्ये त्यांनी त्याच्यावर सविस्तर ग्रंथ लिहिला.

जानेवारी १९७९ मध्ये चौऱ्याण्णव्या वर्षी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. पाच वर्षांनी, १९८४ मध्ये, लुईज आणि मिशेल लेरीस या दांपत्याने आपला संग्रह पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातील राष्ट्रीय संग्रहालयास दान केला. ज्या चित्रकारांची चित्रे फ्रेंच सरकारने शत्रूचा माल म्हणून लिलावात काढली होती, त्यांचीच चित्रे या दानात होती.