अनोळखी तबकड्यांचा माणूस : जॉन पील

जिभेसारखीच कानालाही सवय लागते. संध्याकाळी वसतिगृहाच्या व्हरांड्यातून एक फेरी मारावी. खोल्याखोल्यांतून जी गाणी ऐकू येतात ती गेल्या वर्षीचीच असतात. मोबाईल जे नवे म्हणून पुढे करतो तेही त्याच घरातले चुलत भावंड असते. रॉक ऐकणाऱ्यांची गत तर विचारू नका. चार-पाच नामांकित बँड, त्यांची दहावीस गाणी, की संपला प्रवास! नवा बँड शोधावा कसा, या प्रश्नाचे उत्तर मला याद्यांत मिळाले नाही. ते एका माणसाच्या चरित्रात मिळाले. तो माणूस म्हणजे बी.बी.सी.चा निवेदक जॉन पील. २००४ साली तो वारला. म्हणजे प्रथम वर्षाच्या वर्गात बसणाऱ्या बहुतेकांच्या जन्माआधीच.

तो गायक नव्हता, वादकही नव्हता. १९७१ मध्ये रॉड स्टुअर्टच्या एका गाजलेल्या गाण्याच्या वेळी दूरदर्शनच्या पडद्यावर मेंडोलिन घेऊन तो बसला खरा, पण तेही नुसते वाजवल्याचे सोंग होते. त्याने आयुष्यभर केले ते एकच : दुसऱ्यांचे ऐकले आणि तिसऱ्यांना ऐकवले.

त्याचे खरे नाव जॉन रॅव्हन्सक्रॉफ्ट. जन्म ३० ऑगस्ट १९३९ चा, लिव्हरपूलजवळच्या हेसवॉल गावी. वडील कापसाचे व्यापारी. (लिव्हरपूलच्या याच बाजारात एके काळी आपल्या वऱ्हाडचा कापूसही जात असे.) शिक्षण निवासी शाळेत झाले, पण अभ्यासापेक्षा ओढा तबकड्यांकडे. पुढे दोन वर्षे सक्तीची लष्करी नोकरी, तीही रडारसमोर बसून. १९६० मध्ये कापसाच्याच धंद्याच्या ओळखीतून त्याची रवानगी अमेरिकेत, टेक्सासमधल्या डॅलस शहरी झाली. तेथे त्याने गारपिटीपासून पिकांचे रक्षण करणारे विमे विकले. १९६३ मध्ये त्याच शहरात अध्यक्ष केनेडींचा खून झाला, तेव्हा लिव्हरपूलच्या वृत्तपत्राचा वार्ताहर असल्याचे सांगून हा पठ्ठ्या पोलीस मुख्यालयातील पत्रकारांच्या गर्दीत शिरला! पुढल्याच वर्षी बीटल्सची लाट अमेरिकेवर आदळली आणि लिव्हरपूलकडचा माणूस, एवढ्या भांडवलावर डॅलसच्या रेडिओने त्याला बीटल्सचा जाणकार ठरवले. तिथून ओक्लाहोमा, मग कॅलिफोर्निया अशी रेडिओची नोकरी सुरू झाली.

याच काळातली एक गोष्ट त्याचे चाहते चटकन ओलांडून जातात. १९६५ मध्ये त्याने लग्न केले ती मुलगी अवघी पंधरा वर्षांची होती. ते लग्न पुढे मोडले. चरित्र लिहायचे तर हेही लिहिले पाहिजे. त्याच्या कानांचे कौतुक करताना माणूस संत होता असे भासवण्याचे कारण नाही.

१९६७ च्या आरंभी तो इंग्लंडला परतला. तेव्हा तेथे रेडिओ म्हणजे बी.बी.सी. आणि तिला पॉप संगीताचे वावडे. म्हणून काही धाडसी मंडळींनी किनाऱ्यापासून दूर, ब्रिटिश कायद्याच्या हद्दीबाहेर जहाजे उभी करून त्यांवरून प्रक्षेपण चालवले होते. अशाच 'रेडिओ लंडन'च्या जहाजावर त्याला मध्यरात्री बारा ते दोनची वेळ मिळाली आणि 'पील' हे नावही तिथलेच. त्या वेळी वरिष्ठ झोपलेले असत. त्याने जाहिराती व ठरलेली गाणी बाजूला सारून स्वतःला वाटेल ते लावायला सुरुवात केली. पत्रांचा पाऊस पडला. ऑगस्टमध्ये कायदा लागू होऊन बहुतेक जहाजे बंद पडली आणि ३० सप्टेंबर १९६७ ला बी.बी.सी.ने आपले 'रेडिओ वन' हे नवे केंद्र सुरू केले. पील तेथे आला तो मृत्यूपर्यंत, तब्बल सदतीस वर्षे टिकला. आरंभीच्या संचातले बाकीचे सारे निवेदक केव्हाच निघून गेले होते.

आता जरा तांत्रिक वाटेल असा मुद्दा, पण सगळी गंमत त्यातच आहे. बी.बी.सी.वर तबकड्या किती तास वाजवायच्या यावर तेव्हा मर्यादा होती. रेडिओने नुसत्या तबकड्या वाजवल्या तर वादकांनी खायचे काय, असे वादकांच्या संघटनेचे म्हणणे. तेव्हा उरलेला वेळ भरण्यासाठी वादकांना स्टुडिओत बोलावून गाणी मुद्रित करणे भाग होते. इतरांना हे लचांड वाटे. पील आणि त्याचा निर्माता जॉन वॉल्टर्स यांनी या अडचणीचेच दार केले. ज्यांची एकही तबकडी निघालेली नाही अशा पोरांना लंडनच्या मैदा व्हेल स्टुडिओत बोलवायचे, एका दिवसात बहुधा चार गाणी मुद्रित करायची आणि ती देशभर ऐकवायची. 'पील सेशन' ती हीच. दोन हजारांहून अधिक कलावंतांची अशी चार हजारांवर सेशन्स झाली. नियम सैल झाल्यावरही ही प्रथा त्याने सोडली नाही. द स्मिथ्स हे नाव आज जगभर माहीत आहे. १९८३ च्या मे महिन्यात त्यांचे पहिले सेशन झाले, तेव्हा त्यांची पहिली तबकडी नुकतीच निघत होती.

मला मात्र या कीर्तिवंतांपेक्षा त्याच्या आयुष्यातले १९७६ हे साल अधिक मोलाचे वाटते. तोवर त्याचा श्रोतावर्ग पक्का झाला होता. लांबलचक वादनाची, गंभीर चेहऱ्याची रॉक रचना ऐकणारी ही सुशिक्षित मंडळी. पीलचे वय छत्तीस. या वयात माणूस आपल्या आवडीला कुंपण घालतो. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या रामोन्स या चौकडीची पहिली तबकडी त्याच्या हाती आली. दोन-दोन मिनिटांची गाणी, मोजके स्वर, भरधाव लय. त्याने ती लगेच वाजवली. मग आणखी वाजवली, तशीच इतर पंक मंडळीही वाजवली. जुने श्रोते संतापले, पत्रे आली, कित्येकांनी रेडिओ बंद केला. त्यांच्या जागी शाळकरी पोरे आली. स्वतःचे जमलेले घर असे मोडायला छाती लागते. रेगेच्या तबकड्या लावल्याबद्दलही त्याला वर्णद्वेषाची पत्रे येत. तो रेगे लावतच राहिला.

१९७८ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या डेरी गावच्या पाच पोरांची 'टीनेज किक्स' ही तबकडी बेलफास्टच्या एका चिमुकल्या कंपनीने काढली. गाव बाँबस्फोटांनी आणि लष्करी पहाऱ्यांनी पोळलेले. गाणे मात्र शेजारच्या मुलीवर जीव जडलेल्या पोराचे. पोरांच्या वाद्यवृंदाचे नाव द अंडरटोन्स. पीलने ते गाणे लावले आणि संपल्यावर लगेच पुन्हा लावले! बी.बी.सी.च्या शिस्तीत असे कोणी करत नसे. त्यानंतर एका अमेरिकन कंपनीने या पोरांना करारबद्ध केले. पीलचे हे अखेरपर्यंत सर्वांत आवडते गाणे राहिले. त्यातल्या ओळीचे शब्द त्याच्या थडग्यावर कोरले आहेत.

पण दार उघडले म्हणजे प्रत्येकाचे भाग्य उघडतेच असे नाही. शेफील्डच्या पल्प या शाळकरी बँडच्या जार्व्हिस कॉकरने पीलच्या हाती एक कॅसेट दिली आणि १९८१ च्या नोव्हेंबरात त्यांचे सेशन झाले. दुसरे सेशन व्हायला १९९३ उजाडले. मधली बारा वर्षे या मंडळींनी कशी काढली असतील! ज्या कॅसेट ऐकायच्याच राहून जात त्यांचे ओझे पीललाही छळत असे. घरी, सफकमधल्या ग्रेट फिनबरो या खेड्यात, टपालाने पोती येत. एका माणसाने ऐकून ऐकून किती ऐकावे?

त्याचे कार्यक्रम कसे असत? श्रोत्यांनी त्या काळी घरी टेप करून ठेवलेले बरेच कार्यक्रम आता इंटरनेटवर मिळतात. गेल्या पावसाळ्यात मी ते ओळीने ऐकले. आवाज संथ, काहीसा खिन्न, विनोद कोरडा. तबकडी कधी चुकीच्या वेगावर लागते, मग तो शांतपणे माफी मागून पुन्हा लावतो. एका गाण्यात गिटारींचा कल्लोळ. लगेच झिंबाब्वेच्या भुंडू बॉईजचे लखलखते वादन. त्यापाठोपाठ नेपाम डेथची काही सेकंदांत संपणारी आरोळी. मला यातले निम्मे मुळीच आवडत नाही. नेपाम डेथ तर मी आजही दोनदा सलग ऐकू शकत नाही. पण भुंडू बॉईज मी अन्यथा कधी ऐकले असते? कोणत्या यंत्राने त्यांना माझ्यापुढे आणले असते? (हे वादक १९८६ मध्ये प्रथम इंग्लंडात वाजले, तेव्हा ऐकताना पीलच्या डोळ्यांत पाणी आले होते.) बी.बी.सी.च्या वर्ल्ड सर्व्हिसवरही त्याचा कार्यक्रम असे. शॉर्टवेव्हच्या खरखरीतून तो इंग्लंडबाहेर दूरदूर पोचला.

तो एका बँडशी मात्र जन्मभर निष्ठावंत राहिला. मँचेस्टरच्या द फॉलची त्याने चोवीस सेशन्स केली. उलट मार्क बोलनला त्याने अगदी आरंभीपासून उचलून धरले होते. पण बोलन लोकप्रिय झाल्यावर दोघांत दुरावा आला. यात पीलचा थोडा हट्टीपणाही होता असे माझे मत आहे. अनोळखीपणा हा काही गुण नव्हे.

२५ ऑक्टोबर २००४ रोजी पेरूमधल्या कुस्को गावी, प्रवासात असताना हृदयविकाराने त्याचा अंत झाला. वय पासष्ट. आत्मचरित्र अर्धेच लिहून झाले होते. ते पत्नी शीला हिने पुरे केले आणि २००५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. घरात सव्वीस हजारांवर लाँगप्ले तबकड्या आणि त्याहून अधिक छोट्या तबकड्या निघाल्या. लाँगप्ले तबकड्यांसाठी त्याने टंकलेखन यंत्रावर स्वतः पत्रके करून ठेवली होती, आपल्या ग्रंथालयातल्या जुन्या कपाटात असतात तशीच. २०१२ मध्ये प्रत्येक मुळाक्षरातील पहिल्या शंभर तबकड्यांची माहिती इंटरनेटवर मांडण्यात आली. मी ए या अक्षरापासून सुरुवात केली. पहिल्या पत्रकांवरच्या बहुतेक नावांपैकी एकही माझ्या ओळखीचे नव्हते.