घरी शिकलेला डाव : मीर सुलतान खान

नगरमधल्या अनेक घरांत मुलं बुद्धिबळ अब्बा किंवा चाचांकडून शिकतात. मीर सुलतान खानही असेच शिकले. पंजाबात, नवव्या वर्षी, वडिलांकडून. तो देशी खेळ होता. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं, कॅसलिंग आजच्यासारखं नव्हतं.

1928 मध्ये ते अखिल भारतीय विजेते झाले. पुढच्या वर्षी जमीनदार सर उमर हयात खान त्यांना लंडनला घेऊन गेले. तिथे अडचण आली. डावाच्या सुरुवातीच्या ज्या चाली तिकडच्या खेळाडूंना पुस्तकांतून पाठ होत्या, त्या यांना माहीतच नव्हत्या. देशाचा विजेता पुन्हा शागिर्द झाला. येट्स आणि विंटर या इंग्लिश खेळाडूंबरोबर त्यांनी सराव केला आणि त्याच वर्षी ब्रिटिश विजेतेपद पटकावलं. 1932 आणि 1933 मध्येही तेच जिंकले. हेस्टिंग्जच्या 1930-31 च्या स्पर्धेत तर त्यांनी माजी जगज्जेते कापाब्लांका यांना हरवलं. 1933 मध्ये उमर हयात खान यांच्याच घरातल्या फातिमा ब्रिटिश महिला विजेत्या ठरल्या.

मायदेशी परतल्यावर 1935 मध्ये सुलतान खान यांनी व्ही. के. खाडिलकर यांच्याशी दहा डाव खेळले. त्यांतला फक्त एक बरोबरीत सुटला, बाकी सगळे त्यांनी जिंकले. मग मोठ्या स्पर्धा सुटल्या. 1966 मध्ये सरगोध्यात त्यांचं इंतकाल झालं. ग्रँडमास्टर हा मानद किताब त्यांना मिळाला तो 2024 मध्ये, मृत्यूनंतर 58 वर्षांनी.

पालकांनो, घरचा डाव हा पाया आहे, तो मुलांना जरूर द्या. मुलगा असो वा मुलगी, पुढे नव्या उस्तादासमोर पहिल्यापासून शिकायला बसावं लागलं, तर त्यात कमीपणा नाही, हेही सांगा.