मगनवाडीची चूल आणि कुमारप्पा

जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस. माणिकपूरच्या एखाद्या जुन्या नोंदवहीत हे नाव सहज खपून जावे. पुढे जे. सी. कुमारप्पा म्हणून देशाला माहीत झालेला हा माणूस ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावरला ख्रिस्ती कुटुंबात जन्मला. लंडनला हिशेबतपासणीचे शिक्षण, मुंबईत व्यवसाय, मग अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र. १९२९ मध्ये गांधीजींची भेट झाली आणि खादी अंगावर चढली.

१९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला. कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले आणि वर्ध्याच्या मगनवाडीत राहू लागले. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या अशी कामे तिथे चालत. या हिशेबनिसाला जळणाचाही हिशेब महत्त्वाचा वाटे. कोळसा आणि खनिज तेल हा साठा, तो संपणार. लाकूड पुन्हा उगवते, तो प्रवाह. पण उघड्या चुलीत त्यातली बरीचशी उष्णता वाया जाते आणि धूर बाईच्या छातीत जातो.

याच संस्थेतून १९४७ च्या सुमारास ‘मगन चूल’ पुढे आली. चूल मातीचीच, पण तोंड आवळलेले. ज्वाळा पहिल्या भांड्याला तापवून दुसऱ्याखालून जाते आणि धूर धुराड्यातून छपराबाहेर पडतो. युक्ती साधी वाटते. पण जन्मात विडी न ओढलेल्या बायकांना सीओपीडी, लहान मुलांना न्यूमोनिया आणि वयस्कांना मोतीबिंदू, यांचा चुलीच्या धुराशी असलेला संबंध आज पक्का झाला आहे. या चुलीचे दुखणे एकच: धुराड्यातली काजळी वेळच्या वेळी झाडली नाही, तर धूर पुन्हा घरात.

आणि ती उचलून नेता येत नाही. होडीवर किंवा सहलीच्या तंबूत जाते ती शेगडी, आणि तिला धुराडे नसते. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर उघड्यावर ती पेटवली तर बिघडत नाही. रात्री थंडी वाजते म्हणून तीच निखाऱ्यांसकट तंबूत किंवा बोटीच्या केबिनमध्ये घेतली, की घात होतो. धूर दिसत नाही म्हणून माणूस निर्धास्त झोपतो. पण निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक जोराने चिकटतो. डोके जड होणे, मळमळ, गुंगी एवढ्याच खुणा, त्याही झोपेत कळत नाहीत. अशा वेळी माणसाला आधी मोकळ्या हवेत आणायचे, मग १०८ ला फोन.

कुमारप्पा बेचाळीसच्या लढ्यात तुरुंगात गेले. ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ हे त्यांचे पुस्तक तिथलेच. अखेरची वर्षे रक्तदाबाने त्रासलेली गेली, मदुराईजवळ. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीलाच, ते वारले. मगनवाडीतले मगन संग्रहालय वर्ध्यात आजही पाहता येते.