पक्षीमित्र सलीम अली

थोर पक्षीशास्त्रज्ञ सलीम अली यांचा जन्म १८९६ साली मुंबईस झाला. आईवडील लहानपणीच वारले. मामांनी सांभाळ केला. जर्मनीत पक्ष्यांचे शिक्षण घेऊन ते १९३० साली परत आले, तर आधीची नोकरीच गेलेली! मग ते समुद्राकाठी, अलिबागजवळ किहीमला राहिले. तिथे सुगरणीची घरटी होती. ते तासन्‌तास बघत बसायचे आणि सगळे लिहून ठेवायचे. त्यांना दिसले की घरटे नर विणतो. मादी अर्धे घरटे बघून पसंत करते. मग नर ते पुरे करतो आणि लगेच दुसरे विणायला घेतो. १९८७ साली ते वारले.

आमची आजी म्हणते, सुगरण म्हणजे बाईच. म्हणून भाद्रपदात मीपण विहिरीवर तीन दिवस बसलो. विणणारा पिवळ्या डोक्याचा होता, म्हणजे नरच. वहीत लिहिलंय. आजीला अजून पटत नाही.