कुकसाहेबांचं उद्गारचिन्ह

सप्टेंबर उजाडला की आमच्या होस्टेलवर दोनच विषय असतात. एक युनिट टेस्ट आणि दुसरं मसाई पठार! १५ तारखेला इंजिनिअर्स डे होतो, विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार घातला जातो, आणि पुढच्या रविवारी पहाटेची पन्हाळ्याची एस.टी. धरून सगळी गँग बाहेर पडते. पन्हाळ्याच्या पश्चिमेला हे पठार आहे. १६६० मध्ये शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून ज्या वाटेने विशाळगडाकडे गेले, ती वाट इथूनच जाते. एका दिवसात आरामात जाऊन येता येतं.

यंदा आम्ही गेलो तेव्हा पठारावर पिवळ्या फुलांचा नुसता सडा पडला होता. मध्ये मध्ये गुलाबी, जांभळी, आणि पाणी साचलेल्या जागी इवली इवली निळी फुलं. फोटो काढून झाले. मग कोणीतरी विचारलं, ह्या फुलांचं नाव काय? आम्ही अकरा जण, सगळे भावी इंजिनिअर, एकमेकांची तोंडं बघत बसलो. मला शाळेत पाठ केलेले डॅफोडिल, ट्यूलिप, लिली सगळे आठवले. पण पायाशी फुललेल्या फुलाचं नाव सांगता येईना. शेवटी गुरं राखणारे एक मामा आले आणि त्यांनी एकेक दाखवून सांगितलं. पिवळी सोनकी, गुलाबी तेरडा, आणि पाण्यातली निळी ती सीतेची आसवं.

परत आल्यावर या फुलांबद्दल वाचायला घेतलं आणि एक धक्काच बसला. आपल्या भागातल्या वनस्पतींवरचं जे पुस्तक अभ्यासक आजही उघडतात, ते लिहिणारा माणूस चक्क सिव्हिल इंजिनिअर होता! एवढंच नाही, तर इंजिनिअरिंग कॉलेजचा प्रिन्सिपॉल होता! त्याचं नाव थिओडोर कुक. बॉटनीवाल्यांना हे नाव तोंडपाठ असतं. आपल्याला मात्र कोणी सांगत नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

कुकसाहेबांचा जन्म १८३६ चा, आयर्लंडमधला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात त्यांनी गणित आणि इंजिनिअरिंग केलं आणि १८६० मध्ये, म्हणजे वयाच्या चोविसाव्या वर्षी, ते हिंदुस्थानात आले. नोकरी मिळाली बी.बी.सी.आय. रेल्वेत. आज आपण जिला पश्चिम रेल्वे म्हणतो, तिचीच ही पूर्वज. त्या वेळी मुंबई-सुरत लाइनचं काम जोरात चालू होतं, आणि वाटेत आडवी होती वसईची खाडी. तिथल्या लोखंडी पुलाच्या बांधकामाचं काम या तरुण इंजिनिअरने केलं. भरती-ओहोटी, खारं पाणी, तळाचा चिखल, वर कोकणातला पाऊस. आपल्याला फाउंडेशनचा पेपर अवघड जातो, त्यांनी तर प्रत्यक्ष खाडीत उभं राहून दिला होता!

१८६५ मध्ये ते पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. वय फक्त एकोणतीस. १८५४ मध्ये सुरू झालेलं हे कॉलेज म्हणजे आजचं सी.ओ.ई.पी. पुढे त्याचं नाव कॉलेज ऑफ सायन्स झालं. तिथे कुकसाहेब थोडीथोडकी नव्हे, तब्बल अठ्ठावीस वर्षं राहिले. ज्यांच्या वाढदिवसाला आपण इंजिनिअर्स डे करतो ते विश्वेश्वरय्या १८८३ मध्ये याच कॉलेजातून इंजिनिअर होऊन बाहेर पडले. म्हणजे त्यांचे प्रिन्सिपॉल कुकसाहेबच!

आता प्रश्न पडतो, की इंजिनिअर माणूस फुलापानात शिरला कसा? त्या काळी या कॉलेजात इंजिनिअरिंगबरोबर शेतकीचेही वर्ग चालत. वनस्पतिशास्त्र शिकवायला वुड्रो नावाचे साहेब होते. कॉलेजची माणसं घाटमाथ्यावर, कोकणात फिरून झाडंझुडपं गोळा करायची, कागदांत दाबून वाळवायची आणि नाव-गाव-तारीख लिहून ठेवायची. असा वाळवलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह कॉलेजात तयार झाला. भारतीय वनस्पती सर्वेक्षण खातं १८९० मध्ये स्थापन झालं आणि त्यानंतर पश्चिम भारताचं काम कुकसाहेबांकडे आलं.

इथे आपल्या माणसांची आठवण काढलीच पाहिजे. रानोमाळ हिंडणारे सगळे काही साहेब नव्हते. कुकसाहेबांच्या पुस्तकात जागोजागी कानिटकर, भिवा अशी नावं सापडतात. ही नमुने गोळा करणारी माणसं. कॉलेजच्या संग्रहाचं काम बघणारे रानडे यांना तर आपल्या आंबा घाटात एक झुडूप मिळालं. त्याला नारिंगी-पिवळ्या घंटांसारखी लोंबती फुलं येतात. विज्ञानाला ते अगदी नवीन होतं. त्याचं शास्त्रीय नाव ठेवलं गेलं अब्युटिलॉन रानडेई! रत्नागिरीला जाताना आपण ज्या घाटात फक्त वडापावसाठी थांबतो, त्या घाटातल्या झाडाला पुण्याच्या एका रानड्यांचं नाव आहे, हे मला तरी माहीत नव्हतं.

१८९३ मध्ये कुकसाहेब रिटायर होऊन इंग्लंडला परतले. वय सत्तावन्न. आता आरामखुर्ची, पेन्शन आणि चहा, असंच आपल्याला वाटेल. पण त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम अजून सुरूच व्हायचं होतं. लंडनजवळच्या क्यू इथल्या प्रसिद्ध वनस्पतिसंग्रहात बसून त्यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा ग्रंथ लिहायला घेतला. मुंबई इलाखा म्हणजे सिंधपासून कारवारपर्यंतचा मुलूख! वाळवंट, गुजरातचं मैदान, देश, कोकण, सह्याद्री, सगळं त्यात आलं. याआधी डाल्झेल आणि गिब्सन यांचं पुस्तक १८६१ मध्ये निघालं होतं, पण मधल्या काळात भर खूप पडली होती. कुकसाहेबांच्या ग्रंथाचा पहिला भाग १९०१ मध्ये छापून आला आणि शेवटचा १९०८ मध्ये. तेव्हा ते बहात्तर वर्षांचे होते. दोनच वर्षांनी, १९१० मध्ये, क्यूलाच त्यांचं निधन झालं.

या ग्रंथातल्या दोन गोष्टी मला फार आवडल्या.

पहिली गोष्ट म्हणजे उद्गारचिन्ह. वनस्पती कुठे सापडली आणि कोणी गोळा केली हे लिहिताना कुकसाहेब त्या माणसाच्या नावापुढे एक छोटं उद्गारचिन्ह टाकतात. त्यात आश्चर्य वगैरे काही नाही. वनस्पतिशास्त्रात त्याचा अर्थ असा, की हा नमुना मी स्वतः डोळ्यांनी पाहिला आहे. ऐकीव नाही. ज्याची खात्री केली त्याच्यापुढे खूण. खाडीत पूल बांधलेल्या माणसाची ही सवय असणार, असं मला वाटतं. मोजल्याशिवाय पुढे जायचं नाही. आणि आपण? सिनिअरच्या जर्नलमधून रीडिंग्ज उतरवतो, ग्राफ आधी काढतो आणि पॉइंट्स मग बसवतो! आपल्या जर्नलमध्ये किती रीडिंग्जपुढे असं उद्गारचिन्ह टाकता येईल, ज्याने त्याने मनाशी विचारावं. (मी विचारलं. उत्तर छापण्यासारखं नाही.)

दुसरी गोष्ट, त्यांनी लॅटिन नावांबरोबर इथली बोलीतली नावंही नोंदवली. गुराख्यांच्या, शेतकऱ्यांच्या तोंडची नावं. एक आयरिश माणूस हजारो मैलांवर बसून, सुकलेल्या पानांपुढे आपली नावं लिहून ठेवत होता. आणि मी मराठी मुलगी, पठारावर उभी राहून मामांना विचारत होते. लाज वाटली, खरंच.

वसईच्या खाडीवरचा त्या काळचा पूल आता वापरात नाही. नवे पूल झाले, त्यांवरून लोकल धावतात. पूल म्हातारे होतातच. पण कुकसाहेबांचा ग्रंथ १९५८ मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने पुन्हा छापला, आणि नवीन वनस्पती सापडली असं वाटलं की अभ्यासक आधी कुक काय म्हणतो ते आजही पाहतात.

आपल्याला याचं काय? तर आहे. मसाईसारखी पठारं म्हणजे जांभ्या दगडाचे सडे. वर मातीचा पातळ थर, त्यात पोषण कमी. सीतेची आसवं तर नायट्रोजन कमी पडतो म्हणून पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून खातात! उन्हाळ्यात हेच पठार उघडंबोडकं दिसतं, म्हणून कागदोपत्री ते सहज पडीक ठरतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या काही सड्यांवर बॉक्साइटच्या खाणी झाल्या, सातारकडे पवनचक्क्या आल्या. मसाईला २०२२ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, पण सगळ्याच सड्यांचं नशीब तसं नाही. आणि उद्या रस्ता, खाण, धरण यांचे नकाशे काढायला कोण बसणार? आपणच! बॅरन लँड असं लिहिण्याआधी तिथे सप्टेंबरमध्ये एक चक्कर मारून यायला हवी, एवढं तरी कुकसाहेबांकडून शिकता येईल. विकास करू नका असं मी म्हणत नाही. त्यांनीही पूल बांधलाच होता. पण जे आहे ते आधी नीट मोजा, नावानिशी मोजा.

तेव्हा मित्रहो, पुढच्या सप्टेंबरमध्ये मसाईला जाल तेव्हा एक वही बरोबर घ्या. फुलांत लोळून फोटो काढू नका, पायवाट सोडू नका. भेटणाऱ्या मामांना, मावशींना नावं विचारा आणि लिहून घ्या. मी सुरुवात केली आहे. वहीत आतापर्यंत सात नावं झाली. सातही फुलं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली. प्रत्येकापुढे एक उद्गारचिन्ह!