देवळालीचे कापरेकर मास्तर

१, २, ४, ८, १६, २३, २८, ३८, ४९... पुढील संख्या कोणती?

गेल्या पावसाळ्यात स्पर्धा परीक्षेच्या सरावासाठी वाचनालयात बसले असताना ही अंकमालिका माझ्यापुढे आली. दहावीनंतर गणिताला रामराम ठोकून मी कला शाखेत आले, ती पुन्हा त्या विषयाचे तोंड पाहायचे नाही अशा निश्चयाने. पण नोकरीच्या परीक्षा आपल्या निश्चयाची पर्वा करीत नाहीत. तेथे इतिहासाच्या विद्यार्थ्यालाही बुद्धिमापन चाचणीला सामोरे जावेच लागते आणि एका प्रश्नासाठी जेमतेम मिनिटभर मिळते. मी घाईघाईने पाहिले. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ, आठाचे सोळा. म्हणजे ही दुपटीची मालिका. सोळानंतर बत्तीस हवेत, येथे तेवीस आहेत. छपाईची चूक असणार, असे ठरवून मी पुढच्या प्रश्नाकडे वळले. शेवटी उत्तरांच्या पानावर ६२ हे उत्तर पाहिले, तेव्हा चूक छापखान्याची नसून माझी आहे हे कळले.

दुपटीचा तेथे संबंधच नव्हता. प्रत्येक संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची होती. १६ मध्ये १ आणि ६ यांची बेरीज ७ मिळवली की २३ होतात. २३ मध्ये ५ मिळवले की २८. आणि ४९ मध्ये १३ मिळवले की ६२. एकअंकी संख्येच्या अंकांची बेरीज म्हणजे ती संख्याच, म्हणून सुरुवातीला हा नियम दुपटीसारखा दिसतो आणि आपण फसतो.

एवढ्यावर मी ती मालिका विसरूनही गेले असते. परंतु अंकांची बेरीज मिळवीत पुढे जाण्याच्या याच रीतीचा एका माणसाने वर्षानुवर्षे ध्यास घेतला होता, तो माणूस नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होता आणि देशोदेशीचे गणितप्रेमी त्याचे नाव आदराने घेतात, हे माझ्या वाचनात आले. तेव्हा ज्या प्रश्नाला मी छपाईची चूक म्हणून हिणवले, त्याकडे पुन्हा वळावेसे वाटले. कै. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे त्यांचे नाव. त्यांच्या जीवनाची ओळख आपल्या महाविद्यालयातील मित्रमैत्रिणींना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असताना आई गेली आणि वडिलांनीच त्यांना वाढवले. वडील पेशाने कारकून, पण त्यांना फलज्योतिषाचा नाद होता. ज्योतिष खरे की खोटे हा वाद बाजूला ठेवला, तरी कुंडली मांडायची तर आकडेमोड आलीच. ती आकडेमोड पाहत पाहतच या मुलाला आकड्यांची गोडी लागली. ठाण्याला माध्यमिक शिक्षण चालू असतानाही कोडी सोडविण्यात त्याचे तासन्‌तास जात. १९२३ साली कापरेकर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. तेथे १९२७ साली त्यांना स्वतंत्र गणिती लेखनासाठी रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते बी. एस्सी. झाले आणि त्याच वर्षी देवळालीच्या शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले. पुढे १९६२ साली निवृत्त होईपर्यंत ते तेथेच होते. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठातील खुर्ची नाही, परदेशी प्रवास नाही. बाहेरून पाहणाऱ्याला या चरित्रात सांगण्यासारखे काहीच आढळणार नाही. जे घडले ते सारे वहीच्या पानांवर घडले.

त्यातील सर्वांत प्रसिद्ध घटना म्हणजे ६१७४ या संख्येचा शोध. १९४९ साली मद्रास येथे भरलेल्या गणित परिषदेत कापरेकरांनी तो मांडला. तो समजण्यासाठी वजाबाकीपलीकडे काही यावे लागत नाही. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. मात्र तिचे चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने लिहावेत, मग चढत्या क्रमाने लिहावेत आणि मोठीतून लहान वजा करावी. जे उत्तर येईल त्यावर पुन्हा हीच क्रिया करावी. मी कापरेकरांचे जन्मवर्षच घेऊन पाहिले. १९०५ चे अंक मांडले की ९५१० वजा ०१५९, म्हणजे ९३५१. त्यावरून ८१७२, मग ७४४३, मग ३९९६, मग ६२६४, मग ४१७६ आणि सातव्या खेपेस ६१७४. आता ६१७४ वर हीच क्रिया करा: ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४. येथे आल्यावर संख्या हलायलाच तयार नाही. कोणत्याही संख्येपासून निघा, सात पायऱ्यांच्या आत येथे यावेच लागते. उत्तर तीन अंकी आले तर पुढे शून्य लिहून त्याला चार अंकीच समजावे, एवढे पथ्य पाळायचे.

असे का व्हावे? माझ्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थिनीलाही समजेल असे त्याचे उत्तर आहे. चार अंकांपैकी सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकातील फरकाला ९९९ ने गुणावे, मधल्या दोन अंकांतील फरकाला ९० ने गुणावे आणि दोहोंची बेरीज करावी, की वजाबाकीचे उत्तर मिळते. म्हणजे उत्तर केवळ या दोन फरकांवर अवलंबून आहे. आणि अशा फरकांच्या जोड्या होतात अवघ्या ५४. हजारो संख्या असल्या तरी पहिल्याच पायरीला त्या ५४ दारांतून आत शिरतात. ती ५४ उत्तरे एका कागदावर मांडून तपासली की प्रत्येक वाट ६१७४ कडेच जाते, हे आपल्या डोळ्यांनी पाहता येते. एका रविवारी दुपारी मी तो कागद पुरा केला. दहावीपर्यंतच्या सर्व वर्षांत गणिताने मला जो आनंद दिला नव्हता, तो त्या दुपारी मिळाला.

परीक्षेच्या तयारीत आणि कापरेकरांच्या विचारात काय अंतर आहे, ते मला या कागदावर उमगले. परीक्षा विचारते, पुढची संख्या कोणती? उत्तर लिहिले की प्रश्न संपतो. कापरेकरांचा प्रश्न तेथून सुरू होई. हे नेहमीच असे होते का? तीन अंकी संख्या घेतल्या तर काय होईल? (तेथे सर्व वाटा ४९५ पाशी संपतात.) दोन अंकी घेतल्या तर? (तेथे मुक्कामच नाही, ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ असे नुसते फिरत राहावे लागते.)

ज्या मालिकेत मी फसले, तिच्याविषयीही त्यांनी असाच उलटा प्रश्न विचारला. अंकांची बेरीज मिळवून २३ ही संख्या १६ पासून निर्माण होते. म्हणजे १६ ही २३ ची जननी म्हणावी. मग प्रत्येक संख्येला अशी जननी असते का? १०१ ला तर दोन आहेत, ९१ आणि १००. पण २० ही संख्या कोणत्याच संख्येपासून निर्माण होत नाही. अशा संख्यांना कापरेकरांनी ‘स्वयंभू’ म्हटले. शेंदूर लावलेल्या पाषाणासाठी जो शब्द आपण वापरतो तोच शब्द आकड्याला देणारा हा माणूस मनाने किती आपल्या मातीतला असेल, याची त्यावरून कल्पना येते. ९ च्या पुढील स्वयंभू संख्या पाहा: २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७, १०८. ही मालिका परीक्षेत आली तर प्रत्येकजण अकरा मिळवून ११९ लिहील. पण १०८ नंतरची स्वयंभू संख्या ११० आहे. आणि ११९ तर १०९ पासून निर्माण होते. नऊ पदे सरळ चालणारा नियम दहाव्या पदाला मोडतो. नमुना दिसला म्हणजे नियम सापडला असे नाही, हा धडा यापेक्षा सोप्या शब्दांत कोणी शिकविला असेल असे मला वाटत नाही.

खरे तर १, २, ४, ८, १६ या पाच संख्यांपुढे ३२ ही येऊ शकतात, कापरेकरांच्या रीतीने २३ ही येतात आणि ३१ देखील येतात. वर्तुळावर बिंदू घेऊन ते सर्व एकमेकांस सरळ रेषांनी जोडले, तर एका बिंदूला १, दोनांना २, तिनांना ४, चारांना ८ आणि पाचांना १६ असे वर्तुळाचे जास्तीत जास्त भाग पडतात. सहा बिंदूंना मात्र ३१ च. तिन्ही उत्तरे बरोबरच. तेव्हा परीक्षेत आपण शोधतो ते एकमेव सत्य नसते. प्रश्नकर्त्याच्या मनात कोणता नियम असेल याचा तो अंदाज असतो. हे कळल्यापासून मी निदान पहिली दोन-तीन पदे पाहून उत्तर ठोकून देण्याचे सोडले आहे. शेवटच्या पदापर्यंत नियम लागू पडतो का हे आधी पाहते. माझे गुण त्यामुळे थोडे वाढले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

कापरेकरांनी शोधलेल्या संख्यांची नावे वाचणे हासुद्धा एक आनंद आहे. आपल्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाणारी संख्या ती ‘हर्षद’, म्हणजे हर्ष देणारी. रामानुजनांमुळे प्रसिद्ध झालेली १७२९ ही हर्षद आहे. तिच्या अंकांची बेरीज १९ आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. १२१, १२३२१, १२३४३२१ यांच्या कुळातील संख्यांना त्यांनी ‘डेम्लो’ हे नाव दिले. ते एका रेल्वे स्थानकावरून आले. त्या स्थानकाला आज आपण डोंबिवली म्हणतो; तेथे असताना त्यांना ही कल्पना सुचली होती. त्यांच्या स्वतःच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्यांपैकी एक ४५ आहे: तिचा वर्ग २०२५, आणि २० व २५ यांची बेरीज पुन्हा ४५. तशीच २९७, तिचा वर्ग ८८२०९, आणि ८८ व २०९ मिळून २९७.

परंतु या कामाचे कौतुक करणारे त्या काळी थोडेच होते. विद्यापीठांतील अनेक पंडितांना हे सारे पोरखेळ वाटे. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार होते असे मी म्हणणार नाही. दशमान पद्धतीऐवजी दुसरी पद्धत घेतली की ६१७४ चे माहात्म्य तसेच उरत नाही, आणि गणिताचे मोठे सिद्धांत अशा गमतींवर उभे राहत नाहीत. पण ज्या गोष्टीतून मोठा सिद्धांत निघत नाही, ती करूच नये काय? कापरेकरांनी हा वाद घातला नाही. नियतकालिकांनी छापले तर तेथे, नाही तर पदरमोड करून काढलेल्या पुस्तिकांतून ते लिहीत राहिले. महाविद्यालयांतून बोलावणे आले की जात आणि विद्यार्थ्यांना आकड्यांच्या गमती सांगून रंगवून टाकीत. पुढे मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर गेले. तेव्हा त्यांचे वय सत्तर होते.

त्या कीर्तीने घरची परिस्थिती मात्र पालटली नाही. १९६६ साली पत्नीचे निधन झाले. राहणी अत्यंत साधी असूनही निवृत्तिवेतनात भागेना, म्हणून त्यांना शिकवण्या कराव्या लागल्या. सकाळ-संध्याकाळ मुलांची गणिते तपासायची आणि उरलेल्या वेळात आपल्या संख्यांकडे वळायचे, असे ते दिवस गेले. १९८६ साली देवळालीतच त्यांचे निधन झाले.

मी त्यांच्या मृत्यूचे वर्षही त्या वजाबाकीत घालून पाहिले. १९८६ वरून पहिल्याच पायरीला ८१७२ आले. ही संख्या ओळखीची वाटली म्हणून आधीचा कागद काढला. जन्मवर्षाच्या वाटेवर दुसऱ्या पायरीला हीच संख्या होती! तेथून पुढे दोन्ही वाटा एक होतात आणि ६१७४ पाशी थांबतात. यात दैवी असे काही नाही. ५४ दारांच्या घरात अशा भेटी होणारच. तरीही मी तो कागद जपून ठेवला आहे.

परीक्षेत मी उत्तीर्ण होईन की नाही, हे मला ठाऊक नाही. नोकरी मिळाली की अंकमालिकांचे पुस्तक आपण रद्दीत देतो, हाच आपला रिवाज आहे. वाचकांना माझी एवढीच विनंती की, ते पुस्तक देण्यापूर्वी त्यातले निदान एक गणित घड्याळ बाजूला ठेवून सोडवून पाहावे, आणि उत्तर आल्यावर लगेच पान उलटू नये. आयुष्यभर ज्यांनी पान उलटले नाही, त्या कापरेकर मास्तरांना माझे विनम्र अभिवादन.