गणपत कृष्णाजी

मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात गणपत कृष्णाजींनी शिळाछापाचे काम प्रथम पाहिले. गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने अक्षरे काढून दगड ओला केला, की रुळावरील शाई केवळ अक्षरांनाच चिकटे. ही विद्या आपणही साध्य करावी, असा ध्यास त्यांनी घेतला. त्यांनी स्वतः लाकडी यंत्र बनविले, निरनिराळे दगड घासून पाहिले, शाईचे नाना प्रयोग केले. अखेर १८३१ साली त्यांनी शिळेवर मराठी पंचांग छापले. शाईत चरबी असते म्हणून सनातनी लोक छापील कागदास शिवत नसत. तेव्हा गणपतरावांनी तुपाची शाई केली! पुढे त्यांनी अक्षरांचे खिळेही पाडले. १८६० साली ते निवर्तले. पंचांग छापील रूपाने मराठी घरांत पोचले, ते त्यांच्या चिकाटीमुळेच.